एकट्यानं, एका दिवसात, जुन्या दाट जंगलातून चालायचं आहे. साताऱ्याच्या आसपास कुठे जावं? आणि एकट्यानं जाणं बरं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे नुकतेच साताऱ्यात आलात, किल्ल्यांपेक्षा झाडांची ओढ जास्त आहे, सोबतीला कुणी नाही आणि सुट्टी मिळते ती एकच दिवस. माझं उत्तर वासोटा. पण गडासाठी नव्हे, गडाच्या पोटाशी जे रान आहे त्यासाठी. माथ्यावर पोचला नाहीत तरी दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही. आमच्याकडच्या पट्टीच्या भटक्यांना हे पटत नाही, ते सोडा.

आधी ‘एकट्यानं’ याचं बघू. वासोटा कोयना अभयारण्यात येतो आणि अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. तेव्हा मनात आलं आणि वाटेला लागलं, असं इथं चालत नाही. बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची, शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्यावरून तास-दीड तास बोटीनं जायचं, पलीकडे मेट इंदवलीच्या चौकीवर नाव नोंदवायचं. तिथं पिशव्या तपासतात, प्लॅस्टिकची एकेक वस्तू मोजतात, म्हणून पाण्याची बाटली स्टीलचीच न्या. आत मुक्कामाला बंदी आहे, दिवस मावळायच्या आत परत बोटीत बसावंच लागतं. पावसाळ्यात सगळं बंद. अनेकांना हा जाच वाटतो. मला विचाराल तर एकट्या माणसासाठी हीच सोय आहे: तुम्ही आत गेलात हे चौकीला माहीत आहे, बोटवाल्याला माहीत आहे आणि तुम्हाला घेतल्याशिवाय बोट हलत नाही. सह्याद्रीत इतकी राखण असलेली दुसरी वाट मला तरी ठाऊक नाही. बाई म्हणून एकटीनं जायचं झालं तर ही गोष्ट मी आधी बघते.

खरी अडचण बोटीच्या पैशांची. भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. शनिवार-रविवारी धक्क्यावर एखादा सात-आठ जणांचा गट सापडतो, त्यात तुम्ही खपून जाता, पण मग जंगलात जत्रा. मधल्या वारी रान शांत मिळतं आणि भाडं एकट्याच्या बोकांडी बसतं. यातून वाट अशी काढता येते की आदल्या संध्याकाळीच बामणोलीला जाऊन राहायचं, बोटवाल्यांकडे उद्या कोण कोण जातंय याची चौकशी करायची आणि सकाळच्या पहिल्या बोटीत एक जागा धरायची. साताऱ्याहून अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून कासवरून. एसटी आहे, पण पहिली बोट गाठायची तर स्वतःची गाडी किंवा आदल्या रात्रीचा मुक्कामच बरा. दर आणि नियम बदलत असतात, तेवढे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. बामणोलीपासून पुढे मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, म्हणजे घरी सांगायचं ते तिथूनच सांगा.

आता जंगल. बोटीतून उतरलात की समोर गर्द हिरवं दिसतं, पण ते लगेच जुनं रान नाही. मेट इंदवलीला गाव होतं. कोयना धरणात या खोऱ्यातली कित्येक गावं पाण्याखाली गेली आणि जी वर उरली त्यांतलीही बरीच पुढं अभयारण्यापायी उठली. उठलेल्या गावाचं रान ओळखायला सोपं असतं: सपाट पायऱ्यापायऱ्यांची जमीन, मधेच रचलेल्या दगडांची ताल, आंबा आणि फणस जवळजवळ, आणि बाकी सगळी झाडं एकाच वयाची, शिडशिडीत. हे तरुण रान आहे. बरेच लोक इथंच फोटो काढून दमतात.

थोडं चालल्यावर ओढा येतो, काठावर मारुती आणि गणपती, डोक्यावर छप्पर नाही. माझ्या लेखी जंगल इथून पुढे सुरू होतं. चढ लागतो, खोडं जाड होतात, ऊन तुकड्यातुकड्यानं खाली येऊ लागतं आणि अंगावरचा घाम गार पडतो. जांभूळ, हिरडा, पिसा, अंजनी ही इथली नेहमीची मंडळी. अंजनी ओळखून ठेवा: बुटकं, जाड चकचकीत पानांचं झाड. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात. रान जुनं की नवं याची माझी पारख मात्र झाडांवर नाही, वेलींवर. गारंबीसारखी वेल मांडीएवढी जाड होऊन एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली दिसली की समजायचं, इथं बऱ्याच काळात कुणाची कुऱ्हाड पडलेली नाही. झाडं लावून वाढवता येतात. असली वेल लावून मिळत नाही, तिला आधी झाडं म्हातारी व्हावी लागतात.

हे रान इथंच का टिकलं, हेही चालताना डोक्यात असू द्या. सातारा जिल्हा विचित्र आहे. पूर्वेला माण-खटावात वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, आणि पश्चिमेच्या कड्यालगत महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात ५००० च्या वर. समुद्रावरून आलेले ढग कोकणातून चढून या धारेवर आपटतात आणि इथंच रिकामे होतात. त्यामुळे तुम्ही चालता ती पट्टी अगदी अरुंद आहे. पूर्वेकडे थोडं सरकलं की उघडी पठारं लागतात. याच पश्चिम घाटाच्या पट्ट्यातली कास, कोयना, चांदोली अशी ठिकाणं २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

मारुतीपाशी एक युक्ती करा. बोटीतली सगळी माणसं पुढं जाऊ द्या. त्यांना गड गाठायचा असतो, ती झपाझप निघतात. तुम्ही अर्धा तास बसून राहा. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. मग एकेक गोष्ट कानावर यायला लागते: धनेशाच्या पंखांचा फुसफुसाट, वरच्या फांद्यांतून शेकरूची खटखट. शेकरूची घरटी तर पानांच्या मोठ्या गोळ्यांसारखी टोकाच्या फांद्यांत अडकलेली असतात, एकाच शेकरूची दोन-चार. वानरं अचानक खाकरल्यासारखी ओरडू लागली आणि सगळी एकाच दिशेला बघत असली, तर बिबट्या जवळपास असू शकतो. तो तुम्हाला दिसणार नाही. वाघाचं तर नावच काढू नका; नावात व्याघ्र आहे म्हणून वाघ बघायला इथं येऊ नये.

भिण्यासारखं काय, असं तुम्ही विचारलंत. वाघ-बिबट्या नाही. गवा, अस्वल आणि मधमाश्या. गवा बहुतेक वेळा तुमच्या आधीच निघून जातो. वाटेतच उभा दिसला, विशेषतः एकटा नर, तर थांबायचं, नजर न हटवता मागं सरायचं आणि त्याला वाट द्यायची. फोटोसाठी एक पाऊलही पुढं नको. अस्वलाची खूण म्हणजे उकरलेली वारुळं आणि खोडांवरचे नखांचे ओरखडे. ते चवताळतं ते अचानक समोरासमोर आल्यावर, म्हणून वळणावर आणि झुडपांच्या दाटीत खोकत, काठी आपटत चालावं. एरवी गप्प राहायला सांगणारी मी इथं मात्र आवाज करा म्हणते. कड्यांना आग्या मोहोळं असतात: अत्तर नको, बिडी-सिगारेट नको, आरडाओरड नको.

पुढं एक वाट नागेश्वरच्या सुळक्याकडे फुटते आणि एक गडावर चढते. एका दिवसात दोन्ही उरकणारे असतात, तुम्ही त्या फंदात पडू नका. नुसती पळापळ होते. गडाकडे वळलात की झाडी ठेंगणी होत जाते आणि कारवीची झुडपं सुरू होतात. साधारण सात वर्षं कारवी नुसती वाढते, मग सगळीकडे एकदम फुलते आणि मरून जाते. फुलायचा काळ पावसाळ्याच्या शेवटचा, आणि तेव्हा ही वाट बंद असते. म्हणजे वासोट्याच्या कारवीचा बहर आपल्या नशिबात नाही, काटक्या बघून समाधान मानायचं.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, वाड्याचे अवशेष, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ताई तेलीण नावाच्या बाईनं हा गड बापू गोखल्यांसारख्या सेनापतीपुढं कित्येक महिने लढवला. खालचं रान तुडवून आल्यावर ते कसं जमलं असेल, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. एका अंगाला नागेश्वरचा सुळका, दुसऱ्या अंगाला जुना वासोटा आणि मधला बाबुकडा, खाली थेट कोकण. अर्धा-पाऊण तास पुरे. उतरताना मात्र शेवटचे राहू नका. चढताना मागं राहणं ही चैन, उतरताना मागं राहणं हा धोका: पाय थकलेले असतात, पाचोळ्यावरून घसरतात, आणि मुरगळला तर मागून येणारं कुणी नसतं.

दोन-तीन लिटर पाणी घरूनच न्या, ओढ्यावर भिस्त नको. भाकरी-चटणी किंवा दशम्या न्या, वर काही मिळत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरी आल्यावर गोचिडी बघा, गुडघ्यामागं आणि कमरेला.

सांगलीकडचंही विचारलंत. चांदोलीत पर्यटकांना गाडीतूनच फिरावं लागतं, पायी नाही. सागरेश्वर चालायला छान आहे, हरणंही दिसतात, पण ते माळावर माणसांनी उभं केलेलं रान आहे. तुम्हाला हवं तसलं नाही. बोटीचं गणित जमलंच नाही तर महाबळेश्वरला जा आणि बाजार सोडून क्षेत्र महाबळेश्वरच्या पुढं ऑर्थरसीट पॉइंटच्या दिशेनं भल्या सकाळी चाला. झाडं तीच, जांभूळ-हिरडा-अंजनी. फक्त नऊनंतर गाड्या सुरू होतात.

महिना विचाराल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर धरणाचं पाणी उतरत जातं, बोट काठापासून लांब थांबते आणि उघड्या पडलेल्या गाळातून, डोक्यावर ऊन घेत, बरंच चालावं लागतं.