आपण गोवा घेतला, तो कायदेशीर होता का?

वाचकांचे प्रश्न : युद्ध आणि परराष्ट्र धोरण

या विषयावर पत्रं मागवली तेव्हा चार-दोन येतील असं वाटलं होतं. पिशवी भरून आली. बऱ्याच पत्रांत प्रश्न नव्हताच, उत्तरच होतं, तेही मोठ्या आवाजात. ती बाजूला ठेवली. मी नागपुरात आयुष्यभर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, सैन्याशी संबंध आला तो पुस्तकातूनच. तोफेचा पल्ला मला विचारू नये.

प्रश्न : मॅडम, मी हिंगणा रोडवरच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करतो. होस्टेलवर युक्रेनचा विषय निघाला. मी म्हटलं, रशियाने सरळसरळ आक्रमण केलं. रूममेट म्हणाला, मग १९६१ ला आपण गोव्यात काय केलं? मी चिडून त्याला देशद्रोही म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बरोबर कोण?
— एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : आधी रूममेटची माफी मागा, मग पुढचं वाचा. त्याचा प्रश्न नवा नाही. आपलं सैन्य गोव्यात शिरलं, त्याच दिवशी तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत विचारला गेला होता आणि विचारणाऱ्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स होते.

१८१७ साली सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेला हरवलं, तेव्हा ‘हे युद्ध बेकायदा आहे’ अशी तक्रार करायला जगात जागाच नव्हती. युद्ध करणं हा राज्यकर्त्याचा हक्कच मानला जाई. १९२८ च्या पॅरिस करारात देशांनी पहिल्यांदा लिहून दिलं की युद्ध हे धोरणाचं साधन म्हणून वापरणार नाही. त्याचं काय झालं ते अकरा वर्षांत दिसलं. मग १९४५ ची संयुक्त राष्ट्रांची सनद आली. तिच्या कलम २(४) नुसार दुसऱ्या देशाविरुद्ध बळाचा वापर करायचा नाही, तशी धमकीही द्यायची नाही. अपवाद दोनच. सुरक्षा परिषदेने परवानगी दिली तर, किंवा आपल्यावर सशस्त्र हल्ला झाला तर कलम ५१ खाली स्वसंरक्षण.

आता गोवा. परिषदेची परवानगी नव्हती. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून आपल्या ‘साबरमती’ बोटीवर गोळीबार झाला होता हे खरं, पण तेवढ्यावर सबंध प्रदेश ताब्यात घेणं स्वसंरक्षणात बसवायचं तर फारच ओढाताण करावी लागते. आपले प्रतिनिधी सी. एस. झा यांनी म्हणूनच वेगळा मुद्दा घेतला : वसाहत हेच कायमचं आक्रमण आहे आणि गोवा भारताचाच भाग आहे. वसाहती संपवाव्यात असा संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा १५१४ क्रमांकाचा ठराव जेमतेम वर्षापूर्वी, १४ डिसेंबर १९६० ला झाला होता, त्याचा त्यांना आधार होता. भारताने सैन्य मागे घ्यावं या ठरावाच्या बाजूने सात मतं पडली, विरोधात चार. ठराव पडला तो सोव्हिएत युनियनच्या व्हेटोमुळे, म्हणजे नकाराधिकारामुळे. आपल्याकडे अनेकांना वाटतं की व्हेटो मिळाला म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागला. व्हेटोने ठराव अडतो, कृती कायदेशीर होत नाही.

माझं मत विचाराल तर १९६१ ची कारवाई सनदेच्या अक्षरात बसत नव्हती आणि तरीही ती न्याय्य होती. सालाझारचं पोर्तुगाल गोव्याला वसाहत म्हणायलाच तयार नव्हतं, तो आमचा समुद्रापारचा प्रांत आहे असं सांगून चर्चेचं दारच बंद केलेलं. १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच लढ्यात नानासाहेब गोरे आणि मधू लिमये पोर्तुगीज तुरुंगात होते. एवढं झाल्यावर दिल्लीने आणखी किती वर्षं थांबायचं होतं, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

मग युक्रेन वेगळं कसं? युक्रेन ही कोणाची वसाहत नव्हती. तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य देश, आणि १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनात त्याच्या सीमांचा मान राखू असं खुद्द रशियाने लिहून दिलेलं. ‘हा प्रदेश मुळात आमचाच’ हे वाक्य दोन्हीकडे सारखं ऐकू येतं, हा मात्र तुमच्या मित्राचा खरा मुद्दा आहे आणि तो टाळू नका. २ मार्च २०२२ ला महासभेने १४१ विरुद्ध ५ मतांनी रशियाला माघार घ्यायला सांगितलं. ३५ देश तटस्थ राहिले, त्यात आपण. विद्यार्थी तिथे अडकलेले, आपल्या शस्त्रांचे सुटे भाग रशियाचे. कारणं समजतात. पण आपली ती अडचण होती, तत्त्व नव्हे. अडचणीला तत्त्वाचा शेला पांघरला की माझ्यातली मास्तरीण जागी होते.

गोव्याचा एक धागा नागपुरापर्यंत येतो. पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवलेल्या एका गोवेकर धर्मगुरूवर परवान्याविना राहिल्याबद्दल खटला झाला. त्यांनी बचाव घेतला की गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, सबब युद्धकाळात नागरिकांना जपणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचं मला संरक्षण आहे. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला : गोवा भारतात सामील झाला तेव्हाच लष्करी ताबा संपला, आणि आपल्या १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने व्यक्तीला थेट न्यायालयात मागायचा हक्क मिळत नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. ते इथल्या विधी महाविद्यालयात शिकवायचे तेव्हा माझे वडील मागच्या बाकावर बसत. निकाल वाचून वडील म्हणाले होते, ‘सरांनी युक्तिवाद पक्का केला, पण पाद्र्याचा प्रश्न तसाच राहिला.’ मला अजूनही तसंच वाटतं.

प्रश्न : ताई, मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. टीव्हीवर वकील लोक गोल गोल बोलतात. ऑपरेशन सिंदूर कायदेशीर होतं की नव्हतं? हो की नाही, एका शब्दात सांगा.
— एक माजी सैनिक, कामठी

उत्तर : सुभेदारसाहेब, एका शब्दात सांगणारा वकील महाग पडतो. तरी माझा कौल देते : ७ मे २०२५ च्या पहिल्या रात्रीच्या कारवाईला कायद्याचा आधार आहे, पण तो वादातीत नाही.

वाद कुठे आहे? कलम ५१ मध्ये ‘सशस्त्र हल्ला’ म्हटलंय, तो कोणी केलेला हे लिहिलेलं नाही. पहलगाममध्ये २६ माणसं मारली ती बंदूकधाऱ्यांनी, कोण्या देशाच्या गणवेशातल्या पलटणीने नव्हे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये इस्रायलने पॅलेस्टिनी भागात बांधलेल्या भिंतीच्या प्रकरणात कल दाखवला तो असा, की हे कलम एका देशाने दुसऱ्यावर केलेल्या हल्ल्यासाठी आहे. बऱ्याच देशांना तो मान्य नाही, आपल्यालाही नाही. २०२१ मध्ये आपल्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांतल्या एका चर्चेत अटी मांडल्या : गट वारंवार हल्ले करतो, ज्या देशात तो बसलाय तो देश त्याला रोखायला तयार नाही, उलट पोसतो; तर स्वसंरक्षण लागू. तुम्ही सीमेवर पाहिलेलं चित्र या अटींत बसतं. नऊ ठिकाणं, लष्करी तळ वगळलेले, मारा मोजका, हेही आपल्या बाजूचं.

आता कडू भाग. हा युक्तिवाद एकदा मान्य केला की तो सगळ्यांना मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये इराणने ‘दहशतवादी तळ’ म्हणून पाकिस्तानच्या बलुचिस्तानात मारा केला, पाकिस्तानने दोन दिवसांत इराणमध्ये तसाच केला, कारणही तेच देऊन. म्हणून पुरावा जगासमोर ठेवणं हे मी कायद्याइतकंच महत्त्वाचं मानते.

‘तो उद्या हल्ला करेल, म्हणून आज मी करतो’ हे प्रकरण निराळं, ते यात मिसळू नका. १८३७ च्या ब्रिटन-अमेरिकेतल्या ‘कॅरोलाइन’ बोटीच्या भांडणातून त्याचा निकष आला : धोका इतका तत्काळ हवा की विचार करायला क्षण उरू नये आणि दुसरा उपायही नसावा. १९८१ मध्ये इस्रायलने इराकची अणुभट्टी उडवली तेव्हा परिषदेने एकमताने निषेध केला, अमेरिकेसकट. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकणाऱ्यांत अमेरिका स्वतःच होती. निकष बदलला नाही, त्याला विचारणारे कमी झाले.

आणि युद्ध सुरू करणं योग्य होतं की नाही, याने ते कसं लढायचं याचे नियम बदलत नाहीत. न्याय्य बाजूच्या सैनिकालाही कैद्याला मारता येत नाही. हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. १९७१ ला ९३ हजार कैदी सांभाळणाऱ्या फौजेचे तुम्ही.

प्रश्न : मी इथल्याच ऑर्डनन्समध्ये टर्नर आहे. तोफगोळ्याचं कवच बनवतो. आता माल बाहेरदेशी पण जातो म्हणतात, कुठे जातो ते आम्हाला कोण सांगते? गाझाची बातमी लागली होती, पोरगी नववीत आहे, म्हणाली, ‘बाबा, यात तुमचा गोळा नाही ना?’ मी टीव्ही बंद केला. मॅडम, कायद्याने मी दोषी आहे काय?
— एक कामगार, वाडी

उत्तर : भाऊ, कायद्याने नाही.

याला जवळचा दाखला १९४६ चा आहे. नाझी छळछावण्यांत झायक्लॉन-बी हा विषारी वायू पुरवणाऱ्या कंपनीवर हॅम्बुर्गमध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयात खटला चालला. आरोपी तीन : मालक ब्रुनो टेश, त्याचा उजवा हात वाइनबाखर आणि ड्रोझिन नावाचा तंत्रज्ञ. न्यायालयाने विचारलं ते थोडक्यात इतकंच : हा वायू कशासाठी वापरला जातोय हे ठाऊक होतं का, आणि पुरवठा थांबवणं हातात होतं का? पहिले दोघे फाशी गेले. तंत्रज्ञ सुटला, कारण माल कोणाला जावा यावर त्याचा काडीचा अधिकार नव्हता. तुम्हाला तर मी त्या तंत्रज्ञाच्या जागीही ठेवणार नाही. तोफगोळा हे बंदी घातलेलं शस्त्र नाही. कारगिलच्या शिखरांवर बोफोर्सने डागलेले गोळेही कोणीतरी लेथवर उभं राहूनच घडवले होते.

जबाबदारी वर सरकते. २०१३ च्या शस्त्रव्यापार करारात अट आहे की आपली शस्त्रं युद्धगुन्ह्यांसाठी वापरली जाणार हे माहीत असेल तर ती विकायची नाहीत. मतदानात आपण तटस्थ राहिलो आणि आजही त्या करारात नाही. निर्यातीचा परवाना केंद्र सरकार देतं. इस्रायलला जाणारी शस्त्रं थांबवावीत अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, परराष्ट्र धोरण हे आमचं क्षेत्र नाही म्हणून. आपल्या संविधानाचं कलमही ५१ च आहे बघा : आंतरराष्ट्रीय शांतता आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर यासाठी राज्याने झटावं. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे त्यावरून कोर्टात दाद मागता येत नाही.

म्हणजे न्यायालय म्हणतं सरकारला विचारा, आणि सरकारला कोणी विचारत नाही. २०२१ ला कारखान्यांच्या कंपन्या झाल्या तेव्हा तुमच्या युनियन पेन्शन आणि नोकरीसाठी भांडल्या, योग्यच केलं. ‘माल कोणाला विकणार’ हा प्रश्नही त्याच मागणीपत्रात एका ओळीत बसतो. खासदाराला लोकसभेत विचारायला लावता येतो. सरकार सुरक्षेचं कारण सांगून अर्धं उत्तर देईल, पण प्रश्न नोंदीत राहील. तुम्ही नोकरी सोडावी असं मी म्हणणार नाही. पेन्शनवर जगणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या चुलीवर बसून नीती शिकवू नये.

पोरीचं काय? टीव्ही बंद करू नका. ‘मला माहीत नाही, आणि मला सांगत नाहीत’ हे तिला सांगा. नववीतल्या मुलीला एवढं कळतं.

प्रश्न : व्हेटो असेपर्यंत संयुक्त राष्ट्रं निरुपयोगी आहेत. बंदच का करत नाहीत?
— एक व्यापारी, इतवारी

उत्तर : नागपूरच्या आकाशातून रात्रंदिवस परदेशी विमानं जातात, ती ज्या नियमांनी जातात ते करणारी संघटना संयुक्त राष्ट्रांचीच. परिषद अडली म्हणून सगळं दुकान बंद करायचं नसतं. व्हेटोबद्दल तुमचा राग योग्य आहे, फक्त १९६१ ला तो आपल्या कामी आला होता हे विसरू नका.

प्रश्न : बांगलादेशने आमच्या संत्र्यावर आयातशुल्क वाढवत नेलं. गाड्या जाणं कमी झालं, भाव पडला. हे आर्थिक युद्धच नाही काय? भारत सरकार कोर्टात का जात नाही?
— एक संत्रा उत्पादक, काटोल तालुका

उत्तर : तुमचं नुकसान खरं आहे, पण हे युद्ध नाही. सनदेतल्या ‘बळ’ या शब्दात जकात धरावी अशी मागणी १९४५ ला ब्राझीलने केली होती, ती तेव्हाच फेटाळली गेली. कोणत्या मालावर किती शुल्क लावायचं हे ठरवायचा देशाला अधिकार असतो, जागतिक व्यापार संघटनेत कबूल केलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. ती ओलांडली असेल तर तिथे तक्रार करता येते, आणि ती केंद्र सरकारच करू शकतं, तुम्ही किंवा बाजार समिती नाही. तेव्हा निवेदन वाणिज्य मंत्रालयाला पाठवा. सोबत गेल्या काही हंगामांत सीमेपलीकडे किती माल गेला आणि काय भाव मिळाला याची कागदं जोडा. नुसत्या घोषणा जोडल्या तर फाइल पुढे सरकत नाही.