आधी कपाटाची चावी कोणाकडे ते बघ

प्रिय,

शाळांना टॅबलेट देण्याचा तुझा आराखडा वाचला. तीन देश, एकच ॲप, एकच प्रशिक्षण. पहिली दुरुस्ती इथेच कर. उपकरण विकत कोण घेणार ते तू लिहिलं आहेस; घेतल्यावर ते चालू कोण ठेवणार, याचं उत्तर प्रत्येक देशासाठी वेगळं शोध.

पेरूने शाळकरी मुलांसाठी बनवलेले लाखो स्वस्त एक्सओ लॅपटॉप वाटले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांच्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. इंटरनेट जवळपास कुठेच नव्हतं आणि तासाला नेमकं काय घ्यायचं, हे शिक्षकांना कोणी दाखवलं नव्हतं. उरुग्वेने 2007 मध्ये तीच यंत्रं घेतली. नुसत्या लॅपटॉपने गुण तिथेही वाढले नाहीत. पण जोडणी आणि दुरुस्ती सांभाळायला सेइबाल ही संस्था मागे होती, म्हणून पुढे इंग्रजीचा शिक्षक नसलेल्या वर्गांना पडद्यावरून शिक्षक देता आला. आठवड्याचा एक तास तो घेतो, बाकीचे तास वर्गशिक्षक घेतात. ही वाटणी मला फार मोलाची वाटते, कारण वर्गशिक्षक बाजूला पडत नाही.

जर्मनीत शाळा राज्यांच्या अखत्यारीत. केंद्राला शाळांच्या डिजिटल साधनांसाठी 5 अब्ज युरो द्यायचे होते, तर 2019 मध्ये आधी राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली. यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसांसाठी 2020 मध्ये वेगळे 50 कोटी युरो काढावे लागले. श्रीमंत देशातही माणसाचा खर्च नंतरच सुचला!

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत टॅबलेट आला की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम सामानाच्या वहीत, चढतो. फुटला तर जाब मुख्याध्यापकांना. मग तो कपाटात राहतो, आणि यात त्यांचा दोष नाही. फुटतूट धरून चालणारा लेखी नियम आधी मिळव, वाटप त्यानंतर.

आता वर्गातलं गणित. 1 एमबीपीएसचा व्हिडिओ 30 मुलांनी एकदम लावला तर 30 एमबीपीएसची इंटरनेट लाइन हवी. दहा मिनिटांत सव्वादोन जीबी डेटा जातो. त्यापेक्षा कोलिब्रीसारखी, धडे साठवून इंटरनेटशिवाय दाखवणारी ऑफलाइन प्रणाली एका छोट्या संगणकावर टाक आणि राउटरवरून वर्गाला दे. 10 वॅटचे 30 चार्जर म्हणजे 300 वॅट; विजेच्या बोर्डाला जड नाही. पण बंद कपाटात चार्जिंग नको, बॅटऱ्या तापून फुगतात.

आणि 35 मिनिटांची तासिका. वाटायला पाच, लॉगिनला पाच, गोळा करायला पाच, उरली वीस. टॅबलेटवर हजेरी क्रमांक चिकटव, पासवर्ड काढून टाक, वाटप बाकाच्या रांगेने मुलांकडे दे. हे एका वर्गात दोन आठवडे घड्याळ लावून करून बघ. मग त्याच शिक्षकाला समोर बसवून आराखड्याचं अंदाजपत्रक पुन्हा मांड. त्यात दुरुस्ती, वीजबिल आणि सांभाळणाऱ्या माणसाचा पगार पाच वर्षांचा धर, एका वर्षाचा नको.

तुझा,
दादा