नॅनो हळदीचं क्रीम गुडघ्यापर्यंत पोचतं का?

तुम्ही विचारलंय की तालमीत जाणाऱ्या पुतण्याचा गुडघा दुखतोय, महाद्वार रोडवरून 'नॅनो कर्क्युमिन' (कर्क्युमिन म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य) क्रीम आणलंय, तर ते खरंच आत उतरतं की नुसतं नाव मोठं? मी इथं कोल्हापुरातच फार्मसीच्या प्रयोगशाळेत मलमं-जेल बनवतो, म्हणून सांगतो. कातडीत उतरतं. गुडघ्यात उतरतं, असं मात्र मी म्हणणार नाही.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड. पेशी म्हणजे विटा आणि मधलं सिमेंट म्हणजे स्निग्ध पदार्थ. औषधाला वाट काढायची ती या सिमेंटातून. साधारण 500 डाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) आतले रेणू त्यातून जाऊ शकतात. कर्क्युमिन 368 चं, शिवाय तेलाशी जमणारं, म्हणजे कागदावर सगळं ठीक. अडतं ते विरघळण्यात. पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही, आणि क्रीममध्ये नुसती पूड घोटली तर तिचे कण वरच बसून राहतात. आत जातो तो विरघळलेला रेणू.

नॅनोचा उपयोग इथं होतो. शे-दोनशे नॅनोमीटरच्या (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रोमीटर) चरबीच्या कणांत कर्क्युमिन आधीच विरघळवून ठेवतात. तो कण सुईसारखा आरपार जातो असं जाहिरातीत दाखवतात, तसं सहसा होत नाही. मऊ कण वरच फुटतो, त्यातली चरबी कातडीच्या चरबीत मिसळते आणि कर्क्युमिन पुढं सरकतं. इथोसोम हा याचाच एक प्रकार, त्यात बरंच अल्कोहोल असतं. ते ही चरबी सैल करतं. पण मातीत खरचटलेल्या जागी लावलं तर पोरगं कळवळेल.

आणखी एक वाट आहे, केसांच्या मुळांची. गंमत म्हणजे तिथं काहीशे नॅनोमीटरचे थोडे मोठे कण जास्त खोल जातात, आणि चोळल्यावर आणखी खोल. मालिशवाल्या वस्तादांना हे सांगायची गरज नाही.

आम्ही हे फ्रान्झ सेल नावाच्या काचेच्या भांड्यात बघतो. वर डुकराच्या कानाची कातडी, खाली द्रावण, तापमान अंगाच्या कातडीइतकं म्हणजे 32 अंश. नंतर कातडीवर चिकटपट्टी लावून एकेक थर सोलायचा. पहिल्या पट्ट्या पिवळ्याजर्द, पुढच्या फिक्या होत जातात, आणि खालचं द्रावण पुष्कळदा बिनरंगाचंच. मात्र त्या द्रावणात कर्क्युमिन विरघळेल असं काही घातलं नसेल, तर आत गेलेलंही दिसत नाही. असले निकाल वाचताना मी आधी हेच तपासतो.

म्हणून कातडीच्या तक्रारीला अशी क्रीमं कामाची ठरू शकतात. गुडघ्याच्या सांध्यापर्यंतचा रस्ता लांब आहे. कातडीखालचं रक्त बराचसा माल वाटेतच वाहून नेतं. या विषयातलं बरंचसं काम सुट्या कातडीवर आणि उंदरांवर झालंय. दुखण्यासाठी चोळायचंच असेल, तर डायक्लोफेनॅक जेलमागं माणसांवरचा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

आणलेलं क्रीम फेकू नका, पण डबीवर कर्क्युमिनचं प्रमाण लिहिलंय का बघा. नुसतं 'हळदीचा अर्क' असेल तर काही कळत नाही, कारण साध्या हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास. डबी काळी किंवा बंद ट्यूब हवी, उजेडात कर्क्युमिन खराब होतं. आधी मनगटाच्या आत थोडं लावून दोन दिवस बघा, काहींना हळदीचीही ॲलर्जी असते. लावायचं ते रात्री आणि जुन्या कपड्यांत, डाग सहज निघत नाही. आणि गुडघा सुजत असेल, मधेच अडकत असेल किंवा पाय टाकताना निसटत असेल, तर मलम बाजूला ठेवून पुतण्याला हाडांच्या डॉक्टरांकडं न्या. कुस्तीत लिगामेंट आणि गादी दोन्ही जातात, आणि त्यावर कुठलंच क्रीम चालत नाही.