बी.एड. नाही, फक्त बी.ए. आणि सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र) आहे. दुबईत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळेल का?

शाळेत अवघड, प्रौढांना शिकवणाऱ्या खासगी इन्स्टिट्यूटमध्ये मिळू शकते. सेल्टात साधारण १२० तासांचं प्रशिक्षण आणि ६ तास खऱ्या वर्गासमोर शिकवणं असतं, म्हणून तिथे त्याला वजन आहे. दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए या दुबई सरकारच्या शिक्षण प्राधिकरणाची देखरेख असते, आणि सीबीएसईवाले बी.एड. मागतातच. पगारावर आयकर नाही, पण घरभाडं ऑफरमध्ये धरलंय का ते वाचा. खरी मेख तिथेच असते. पदवीवर नुसतं अपॉस्टिल (परदेशासाठी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) चालत नाही, कारण तो शिक्का मान्य करणाऱ्या देशांच्या हेग करारात युएई नाही. आधी राज्य सरकार, मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग युएईचा दूतावास, शेवटी युएईचं परराष्ट्र मंत्रालय, असे एकामागून एक शिक्के. पदवी हौसेने लॅमिनेट केली असेल, तर आधी ते सोडवायला लागेल.