डकार रॅली सुरू कशी झाली? आणि आफ्रिकेतली ही शर्यत सौदी अरेबियात का गेली?

थोडक्यात हवं असेल तर: वाळवंटात वाट चुकलेल्या एका माणसाने ती सुरू केली, आणि अतिरेकी हल्ल्याच्या भीतीने तिला आफ्रिका सोडावी लागली. वेळ असेल तर पुढे वाचा.

१९७७ साली तिएरी साबिन हा फ्रेंच मोटारसायकलस्वार आबिजान-नीस शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात भरकटला आणि मरता मरता सापडला. दुसऱ्या कुणी पुन्हा वाळूचं नाव काढलं नसतं. हा गडी घरी परतला आणि इतरांनाही तिकडेच न्यायच्या तयारीला लागला. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसमधून १८२ गाड्या निघाल्या. सुमारे १०,००० किलोमीटर तुडवून सेनेगलच्या डकारला पोचल्या ७४.

त्या वर्षी कार, मोटारसायकल सगळ्यांचा निकाल एकत्रच लागला. पहिला आला सिरिल नेव्हो, यामाहा एक्सटी ५०० वर. मला मात्र पाचवे आलेले मारो बंधू जास्त आवडतात. त्यांची गाडी होती रेनो ४, म्हणजे नाशिकच्या रविवार कारंजावर भाजी आणायला न्यावी अशी. याच भावांनी १९८२ साली रेनो २० घेऊन कारगटात बाजी मारली. त्यानंतर मर्सिडीज, पोर्शे, पेजो या कंपन्या पैसा घेऊन उतरल्या आणि असल्या गाड्यांचे दिवस संपत आले. मित्सुबिशीने तर १२ वेळा कारगट जिंकला; पजेरोचा तो रुबाब बराचसा इथूनच आलेला. २००१ साली ही रॅली जिंकणारी पहिली बाई, युटा क्लाइनश्मिट, हीसुद्धा पजेरोतच होती.

लोकांना वाटतं, ही वेगाची शर्यत आहे. खरं तर ती वाट शोधण्याची आहे. नाशिकच्या आसपास मातीवरच्या रॅली होतात, तिथे मी मार्शल म्हणून, म्हणजे वाटेवर सुरक्षेकडे लक्ष द्यायला, उभा राहतो. आमच्याकडे स्पर्धकांना आधी रेकी, म्हणजे मार्गाची पाहणी, करायला मिळते. वळण कुठे, किती तीव्र, हे लिहून घेतात आणि स्टेजमध्ये, म्हणजे शर्यतीच्या टप्प्यात, को-ड्रायव्हर त्या पेस नोट्स वाचून दाखवतो. डकारमध्ये रेकी नाही. आयोजकांचं रोडबुक मिळतं: इतक्या किलोमीटरवर कोरडी नदी, मग अमुक अंशाच्या दिशेने. पूर्वी ते आदल्या संध्याकाळी हातात पडायचं; स्पर्धक रात्री बसून रंगीत पेनांनी खुणा करायचे. २०२० पासून बऱ्याच स्टेजना ते सुटण्याच्या काही मिनिटं आधी देऊ लागले. ठरलेला वेपॉइंट, म्हणजे जिथून जायलाच हवं तो ठिकाणबिंदू, हुकला की वेळेचा दंड. त्यामुळे पुढे असलेला गडी एका चुकीच्या ओढ्यात शिरून तासभर मागे पडला, हे इथे नेहमीचंच.

आणि पूर्वी चुकणं म्हणजे खरंच चुकणं होतं. १९८२ साली ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क अल्जीरियात सहा दिवस बेपत्ता होता; शेवटी लष्करी विमानाला दिसला. पुढच्याच वर्षी नायजरच्या तेनेरे वाळवंटातल्या वादळात चाळीसएक स्पर्धक हरवले. १९८६ साली मालीमध्ये हेलिकॉप्टर कोसळून स्वतः साबिन गेला, सोबत गायक दानिएल बालाव्हॉनसह आणखी चार जण. साबिनची रक्षा तेनेरेमध्येच विखुरली.

किस्सा सांगायचा तर १९८८ चा. कारचालक आरी वाटानेन आघाडीवर होता आणि मालीतल्या बामाकोच्या मुक्कामात त्याची पेजो ४०५ चोरीला गेली. खंडणीसाठी फोन आला! गाडी सापडली, पण तोवर सुटायची वेळ टळली होती आणि त्याला बाद केलं. त्याचाच सहकारी युहा कांकुनेन जिंकला.

या सगळ्या थराराची एक बाजू मात्र मला खटकते. वाटेतल्या गावांतली माणसं, अगदी लहान मुलंसुद्धा, या गाड्यांखाली मेली आहेत. रॅली निघून जाते, गाव तिथेच राहतं. त्यावर युरोपात टीका खूप झाली, पण रॅली हलली ती त्या टीकेमुळे नाही. २००० साली नायजरमध्ये हल्ल्याची धमकी आली तेव्हा अख्खा काफिला मालवाहू विमानांतून लिबियात नेऊन उतरवला होता. डिसेंबर २००७ मध्ये मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली. ५ जानेवारीला लिस्बनहून सुटायची २००८ ची रॅली आदल्या दिवशी रद्द झाली.

२००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली. तिथे अकरा वर्षं चालली, पण एकेक देश खर्चाला कंटाळून मागे सरला आणि २०१९ साली एकटा पेरू उरला. सौदीकडे अफाट वाळू आणि त्याहून अफाट पैसा. २०२० पासून तिथेच आहे.

आफ्रिका मात्र रॅलीविना राहिली नाही. कार आणि मोटारसायकल दोन्ही गटांत डकार जिंकणारा पहिला माणूस उबेर ओरिओल, त्याने इतरांच्या साथीने आफ्रिका इको रेस सुरू केली. ती आजही डकारजवळच्या लॅक रोज सरोवराशी संपते.

जानेवारीत बघणार असाल तर आपल्यासाठी मोटारसायकल गट जास्त रंगतदार. सी. एस. संतोष २०१५ साली ३६ वा येऊन ही रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. २०२४ साली हरिथ नोहा एकूण ११ वा आला आणि रॅली २ हा, अव्वल व्यावसायिक स्वारांच्या खालचा, गट त्याने जिंकला. त्याच वर्षी हिरोच्या संघाचा रॉस ब्रँच, बोत्स्वानाचा, दुसरा होता. आणि ज्यांना मेकॅनिक ठेवायचीच मुभा नसते, दिवसभर चालवून रात्री स्वतःच पाने घेऊन बसतात, त्या मोटारसायकलवाल्यांची यादी वेगळी लागते. ती जरूर उघडा.