व्हायोलिन घेऊन जर्मनीला निघालेल्या नेरूळच्या मुलाला

'दादा, क्लासिकल आणि जॅझ दोन्ही वाजवतो, पाश्चात्त्य संगीताची ग्रेड आठची परीक्षा झाली आहे, जर्मनीत निभाव लागेल का?' हा तुझा प्रश्न वाचून तीन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. दादा म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतो. व्हिसाचं सगळं सरकारी पानांवर आहे, ते तिथे वाच.

मी सध्या सुट्टीला ठाण्यात, पाचपाखाडीत आईकडे आहे. बाहेर धो धो पाऊस, आणि व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अशा बसल्यात की पक्कड घ्यावीशी वाटते. जर्मनीत, कोलोनला, जिथे मी राहतो, तिथे बरोबर उलटं. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने खुंट्या आकसतात, मध्यरात्री तार सुटते आणि त्या आवाजाने बायको दचकून उठते.

आपल्याकडे 'सगळं वाजवतो' हे भांडवल असतं. मी नौपाड्यात गुरुजींसमोर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून यमन शिकलो, तारा सा-प-सा-प. रविवारी मुंबईला जाऊन तेच वाद्य खांद्यावर, जी-डी-ए-ई, आणि बाख. पुढे दिवसा रेकॉर्डिंग, संध्याकाळी गडकरी रंगायतनला भावगीतांचा कार्यक्रम, रात्री हॉटेलात जॅझ. फोन आला की निघायचं. तिकडे जर्मनीत सगळं वाजवणाऱ्याकडे जरा संशयानेच बघतात. ऑर्केस्ट्राच्या चाचणीला पडद्यामागे उभं राहून मोझार्टचा कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, वाजवायचा. मी चौतीस वर्षांचा, आणि बाकीची विशीतली पोरं तोच कॉन्चेर्टो लहानपणापासून घोटत आलेली. पहिलं पान संपायच्या आत पलीकडून 'डांके', म्हणजे धन्यवाद, निघा. असं तीनदा झालं, चौथ्यांदा गेलो नाही.

तू फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक जाँ-ल्यूक पाँतीचं उदाहरण दिलंस. अरे, त्याला सतराव्या वर्षी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत पहिलं पारितोषिक मिळालं होतं. पॅरिसच्या लामूरो ऑर्केस्ट्रात नोकरी आणि रात्री जॅझ असं त्यानेही काही वर्षं केलं, पण शेवटी ऑर्केस्ट्रा सोडलाच. मला क्लासिकल व्हायोलिनवादक मेन्युहिन जवळचा वाटतो. १९७०च्या दशकात त्याने जॅझ व्हायोलिनवादक ग्रापेलीबरोबर रेकॉर्ड काढल्या, त्यात त्याचे ऐन वेळी सुचल्यासारखे वाटणारे तुकडे आधी लिहून दिलेले असायचे. ग्रापेलीला कागद लागत नसे. हे कळलं तेव्हा मला दोन दिवस फार हलकं वाटलं होतं.

कागदांवरून आठवलं. माझी पदवी कॉमर्सची, आणि संगीतात गांधर्वची विशारद. मराठीचा शपथबद्ध अनुवादक शोधण्यात सहा आठवडे गेले. त्याने 'विशारद'चं भाषांतर 'तज्ज्ञ' केलं. तिथल्या सरकारी कचेरीत खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कसले तज्ज्ञ, कुठल्या विद्यापीठाचे? मग वादक, शिक्षक की संगीतकार? मी म्हटलं, तिन्ही. त्यांनी फाइल बंद करून पुढची तारीख दिली. पुढच्या वेळी 'शिक्षक' म्हणालो, काम झालं. आणि खरंच शिक्षक झालो. आठवड्याला सव्वीस मुलं, निम्म्यांना आई ढकलून पाठवते. पोट त्यावर भरतं.

जॅझवाले बोलावतात, पण चार मिनिटांच्या 'इंडियन' सोलोसाठी. मारव्याचे चार सूर लावतो, लोक डोळे मिटतात, टाळ्या पडतात. भाडं निघतं. गुरुजींनी ते ऐकलं असतं तर काय म्हणाले असते, याचा विचार मी ट्रॅममध्ये चढेपर्यंत करतो. सकाळी चर्चमध्ये ओरेटोरियोला, म्हणजे गायकवृंद आणि ऑर्केस्ट्राच्या धार्मिक रचनेला, बदली वादक म्हणून गेलो तर तिथला 'ए', ज्यावर सगळे सूर मिळवतात तो, ४४३ हर्ट्झचा, रात्री क्लबातला पियानो ४४०चा. गाडीत बसून तारा उतरवायच्या.

एकटेपणा विचारलास. येतो, जातो. स्वयंपाक शिकून घे.

मुलीचं मात्र मनातून जात नाही. आमच्या राज्यात चौथीतच शाळेकडून शिफारस येते, मूल पुढे गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला जाणार की दुसऱ्या प्रकारच्या शाळेत. तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, 'हुशार आहे, पण जर्मन कच्चं आहे.' आम्ही मान डोलावली आणि रिआलशूलेचा, म्हणजे त्या दुसऱ्या प्रकारच्या शाळेचा, फॉर्म भरला. ती शिफारस बंधनकारक नव्हती, आम्ही नाही म्हणू शकलो असतो, हे मला वर्षभराने दुसऱ्या एका पालकाकडून कळलं. त्या संध्याकाळी मला दौऱ्याची गाडी पकडायची होती, म्हणून मी घाईत सही केली. तिने पुढे व्हायोलिनही सोडलं. याचा त्याच्याशी संबंध नसेलही.

म्हणून सांगतो, स्केल्सइतकंच जर्मनही घोट. जर्मनची बी-टू पातळी होईपर्यंत तिकीट काढू नकोस. आणि एकदम बाडबिस्तरा हलवण्याआधी उन्हाळ्यात थोडे दिवस ये, जॅम सेशनला, म्हणजे आयत्या वेळच्या एकत्र वादनाला बस, कोण दुसऱ्यांदा बोलावतं ते बघ. मास्टर्स करायचंच असेल तर एकाच गोष्टीत कर. कुठल्या ते मला विचारू नकोस, मी अजून ठरवतोय.

मंगळवारपर्यंत इथे आहे. व्हायोलिन घेऊन ये, माझ्या खुंट्या काही हलत नाहीत, तुझ्याच व्हायोलिनवर वाजवू.