संकल्प ठरतो आदल्या रात्री : स्वयंपाक आणि खाण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

नवं वर्ष तोंडावर आलं की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. चकली का फसली, लाडू का बसले हे मागे पडतं आणि ‘यंदा काय ठरवू?’ हे सुरू होतं. त्यातली सगळ्यांना उपयोगी पडतील अशी काही पत्रं निवडली आहेत.

आम्ही दोघं नोकरी करतो. दर जानेवारीत ‘बाहेरचं बंद’ असं ठरवतो. पहिला आठवडा छान जातो, दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी पुन्हा मोबाइलवरून जेवण मागवलं जातं. काय चुकतं? (एक वाचक, ठाणे)

तुमच्या पत्रातला ‘गुरुवार’ महत्त्वाचा आहे. रविवारी आणलेली भाजी बुधवारपर्यंत संपते किंवा कोमेजते, काही भिजत घातलेलं नसतं, आणि आठ वाजता घरी आल्यावर सुरुवात शून्यापासून करायची असते. तेव्हा कुणीही ऑर्डरच देईल. ‘बाहेरचं बंद’ असं ठरवल्याने त्या आठ वाजता काय करायचं ते कळत नाही. म्हणून संकल्प लहान करा आणि त्याला वार जोडा : सोमवार ते गुरुवार, चार रात्री घरी. शुक्रवार-शनिवार मोकळे ठेवा.

चार रात्रींचा बेत असा लावता येईल. सोमवारी मूगडाळीची खिचडी आणि ताक. मंगळवारी उसळ-पोळी. बुधवारी पालेभाजी आणि भाकरी. गुरुवारी पिठलं-भात, कारण त्याला ताजी भाजी लागत नाही. दोघांच्या पिठल्याला अर्धी वाटी बेसन आणि दीड ते पावणेदोन वाटी पाणी. बेसन आधी थंड पाण्यात कालवून घ्या, मग फोडणीत ओता. कोरडं बेसन गरम पाण्यात भुरभुरलं की गुठळ्या होतात आणि घाईच्या वेळी त्या मोडत बसायला जीवावर येतं. झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं वाफ द्या, नाहीतर बेसनाचा कच्चा वास राहतो. भात कुकरमध्ये होईपर्यंत पिठलं तयार असतं.

यातलं खरं काम आदल्या रात्रीच्या दहा मिनिटांचं आहे. रविवारी रात्री मटकी भिजत घाला, सोमवारी सकाळी निथळून बांधा, मंगळवारी संध्याकाळी ती मोडासकट हाताशी असते. मंगळवारी रात्री जेवणानंतर मेथी निवडून कापडात गुंडाळून ठेवा. धुऊ मात्र नका, ओली मेथी फ्रीजमध्ये काळी पडते. रविवारी एकदाच लसूण सोलून ठेवा, दाण्याचं कूट करा आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक-दोन चौकोन टाकले की दोघांच्या उसळीला पुरतात. एखादा दिवस चुकला तर बेत पुढे ढकलत बसू नका. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये दोन दिवस राहते. उसळ बुधवारी करा, गुरुवार गुरुवारच्या जागी राहू द्या.

यंदा ज्वारीची भाकरी शिकायचीच आहे. थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुटते, फुगत तर कधीच नाही. (एक वाचक, पुणे)

संकल्प चांगला आहे, त्याला आकडा द्या : दोन महिने, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी प्रत्येकी दोन भाकऱ्या. घरात खाणारे दोघे असतील तर आठवड्याला बारा भाकऱ्या. एका मध्यम भाकरीला साधारण ७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे आठवड्याला ८४० ग्रॅम. हा हिशोब सांगण्याचं कारण असं, की भाकरी बिघडते ती बहुतेक वेळा पिठामुळे. ज्वारीत ग्लूटेन नसतं. गव्हाची कणीक धरून ठेवते तसं ज्वारीचं पीठ आपोआप धरत नाही, आणि दळून जसजसे दिवस जातात तसा त्याचा उरलासुरला चिकटपणाही कमी होतो. विरी गेलेलं पीठ म्हणतात ते हेच. पाच किलो एकदम दळून ठेवलं तर तिसऱ्या आठवड्यात शिकणारा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. तेव्हा दर आठवड्याला एक किलोच दळा. मालदांडी ज्वारी मिळाली तर उत्तम. बाजरीचं पीठ तर आणखी लवकर कडवट होतं, तेही थोडंच दळावं.

आता कृती. एका भाकरीपुरतंच पीठ परातीत घ्या. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी लागतं. पाणी चांगलं गरम हवं, त्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. आधी चमच्याने कालवा, सोसेल इतपत निवलं की तळहाताच्या मुळाने दाब देत चार-पाच मिनिटं मळा. इथे घाई होते आणि कडा फाटतात. गोळा दोन्ही हातांत दाबून पाहा : कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून आणखी मळा. परातीत कोरडं पीठ पसरून गोळा ठेवा आणि बोटांनी थापत फिरवा. सुरुवातीला सहा इंचांपेक्षा मोठी करू नका. मध्य जाड आणि कडा पातळ राहिली तर भाकरी एका जागी फुगते आणि दुसरीकडे फुटते.

तवा पुरता तापलेला हवा. पाण्याचे थेंब टाकल्यावर ते नाचले पाहिजेत. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाका आणि लगेच तिच्यावर हाताने पाणी फिरवा. सगळ्या कडांपर्यंत. आता लक्ष द्यायची वेळ : ते पाणी सुकत आलं, पण पृष्ठभाग अजून किंचित ओलसर आहे, तेव्हाच उलटायची. पूर्ण कोरडी होऊ दिली की वर बारीक भेगा पडतात, वाफ त्यांतून निसटते आणि भाकरी फुगत नाही. उलटल्यावर ही बाजू मोठ्या आचेवर नीट भाजू द्या, तपकिरी ठिपके दिसेपर्यंत. मग आधीची, कमी भाजलेली बाजू थेट आचेवर धरा. भाकरी टम्म फुगते.

मी जर्मनीत राहते. इथे पाकिटातलं ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते किती जुनं असतं देव जाणे. भाकरीचा संकल्प सोडून देऊ का?

सोडू नका, उकड काढा. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करा, एक वाटी पीठ घालून उलथन्याच्या दांड्याने हलवा आणि दहा मिनिटं घट्ट झाकून ठेवा. गरम असतानाच मळा. जुन्या पिठालाही यामुळे पुरेसा चिकटपणा येतो, अगदी लाटताही येते. इलेक्ट्रिक शेगडी असेल तर शेवटी आचेऐवजी तव्यावरच भाकरी ठेवून स्वच्छ कापडाने कडेकडेने हलकं दाबा. पाकिटाला खवट वास येत असेल तर मात्र ते पीठ कशालाच वापरू नका.

घरात चौघं आहोत. तेल आणि मीठ कमी करायचं ठरवलं आहे. पण आमच्याकडे रश्श्याला तर्री लागतेच. शिवाय कमी झालं हे मोजायचं कसं? (एक वाचक, कोल्हापूर)

रोज चमचे मोजत बसलात तर आठवड्यात कंटाळाल. महिन्याची पिशवी मोजा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातल्या २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. चौघांचं महिन्याचं गणित सव्वातीन किलोच्या आसपास येतं. अर्धा किलो तूप धरलं तर तेलाला उरतात साधारण तीन लिटर. एक तारखेला पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. सध्या पाच लिटर जात असेल तर पहिल्या महिन्यात साडेचार, मग चार. एकदम तीनवर आलात तर जेवण सगळ्यांना कोरडं लागेल आणि घरातच बंड होईल.

तेल जास्त जातं फोडणीत आणि मसाला परतण्यात. चौघांच्या भाजीला चार छोटे चमचे, म्हणजे २० मिली पुरतं. आमटीला दोन चमचेही चालतात, पण ते मोठ्या कढईत घालू नका. पसरट तळाला तेलाचा थर इतका पातळ होतो की मोहरी तडतडायच्या आत जिरं जळतं. फोडणीच्या लहान कढल्यात तेवढंच तेल खोल राहतं. कोरड्या भाज्या खाली लागू नयेत म्हणून कढईवर ताटली ठेवून तिच्यात पाणी घाला. वाफ आत राहते, तेलाची गरज कमी होते.

तर्रीबद्दल : कांदा तेलात परतण्याऐवजी अख्खा गॅसवर भाजून घ्या, खोबरं कोरडंच खरपूस भाजा. वाटण शिजताना खोबरं स्वतःचं तेल सोडतं. रंगासाठी दोन-तीन चमचे तेल गरम करून गॅस बंद करा, त्यात लाल तिखट आणि लगोलग चमचाभर गरम पाणी घाला (जपून, तेल उडतं), आणि हे वाढायच्या आधी रश्श्यावर सोडा. तवंग दिसतो. अर्धी वाटी तेलाची तर्री आणि ही तर्री सारखी लागणार नाही हे कबूल; सणावाराला पहिली करा. तळणाचं उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका.

मिठाचं गणित आणखी सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी किमान ५० दिवस टिकायला हवी. त्याहूनही जास्त टिकली पाहिजे, कारण लोणचं, पापड, फरसाण आणि पाव यांतलं मीठ त्या पिशवीतून जात नाही. ताटात वरून मीठ वाढणं आधी थांबवा. लिंबू, आमसूल, ओली मिरची यांनी चव उचलली जाते. ‘लो सोडियम’ मीठ आणायचा विचार असेल तर सांभाळा : त्यात पोटॅशियम असतं. घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

थंडीत मटकीला मोड येत नाहीत, उलट वास येतो. (एक वाचक, नाशिक)

वास येतो तो साचलेल्या पाण्यामुळे. रात्रभर, आठेक तास भिजवून सकाळी दोनदा धुवा, चाळणीत पंधरा मिनिटं पुरती निथळा, मग सैलसर बांधा. गच्च बांधलं तर आत हवा खेळत नाही. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत येणारे मोड थंडीत चोवीस तासही घेतात; पुरचुंडी झाकण असलेल्या कॅसरोलमध्ये ठेवली तर ऊब मिळते. मधे एकदा धुऊन पुन्हा निथळा. चिकट तार सुटली असेल तर टाकून द्या. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसांना कच्चे मोड न देता शिजवूनच द्या.

चहातली साखर कशी सोडू? दिवसाला तीन कप, प्रत्येकी दोन चमचे. (एक वाचक, नागपूर)

सहा चमचे म्हणजे जवळपास २५ ग्रॅम झाले. वरून घेतलेली साखर दिवसभरात शक्यतो एवढ्यावर थांबावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते, आणि तुमचं बिस्किट अजून मोजायचं आहे. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कपातून पाव चमचा काढा. दोन महिन्यांत एका चमच्यावर याल. चहा सगळ्यांचा एकत्र होत असेल तर साखर न घालता गाळा आणि कपात घ्या, नाहीतर मोजमाप जमणार नाही.

दर महिन्याला एक पारंपरिक पदार्थ शिकावा असं मनात आहे. यादी द्याल? (एक वाचक, डोंबिवली)

बाराची यादी देत नाही. बाजारात जे येतं त्याच्यामागे जा. जानेवारीत भोगीची भाजी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. सोलाणे (ओले हरभरे), पावटा, गाजर, वांगी, शेंगदाणे, बोरं, तीळकूट, चिंच-गूळ. सगळं एकदम टाकलं की वांग्याचा लगदा होतो आणि पावटा कच्चा राहतो. पावटा, शेंगदाणे आधी आठ-दहा मिनिटं शिजवा, मग गाजर आणि सोलाणे, शेवटी वांगी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एप्रिलमध्ये कैरीचं पन्हं आणि सांडगे.

पावसाळ्यात टाकळा, फोडशी, कर्टोली या रानभाज्यांपासून सुरुवात करा. विकणाऱ्या बाईला निवडायचं कसं तेही विचारा, त्यांना ते नेमकं ठाऊक असतं. शेवळं पहिल्याच वर्षी एकट्याने करू नयेत. त्यांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा भयंकर खाजतो. काकडं (रानातली आंबट फळं) किंवा चिंच घालून, ज्याला येतं त्याच्या देखरेखीखाली करा.

आणि चकली शिकायची असेल तर दिवाळीची वाट पाहू नका. सप्टेंबरात एक वाटी भाजणीची करून बघा. तेलात विरघळली तर मोहन (पिठात घातलेलं गरम तेल) जास्त झालं, दाताला कडक लागली तर कमी पडलं. सोऱ्यातून पडतानाच तुटत असेल तर पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. जे प्रमाण जमेल ते भाजणीच्या डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवा.